शाळेमागच्या बोअरचं पाणी

प्रयागमावशीचा विषय निघाला की आमच्याकडची माणसं आधी तिच्या तोंडाबद्दल सांगतात. तिखट बाई, राव. ती बोलायला लागली की भलेभले काढता पाय घेतात. मी मात्र आधी दुसरंच सांगणार आहे. माझी नाळ ह्या बाईनं कापली, आणि त्याच बाईला मी सव्वा वर्ष गावोगाव फिरवून तिच्याच तोंडानं वदवलं की सून मी मारली. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर मधेच कुठंतरी मी सटकेन. मला माझी खोड माहीत आहे.

मी चिमाजी. डिंभ्याच्या धरणाचं पाणी जिथवर फुगतं, तिथं काठाला आमचं गाव आहे. ग्रामपंचायतीचा मी जलसुरक्षक होतो. नाव ऐकून कुणाला वाटेल बंदूक घेऊन धरणावर उभा असेन. कसलं काय! विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची आणि महिन्याच्या महिन्याला पाण्याचं सॅम्पल बाटलीत भरून तालुक्याच्या लॅबला पोचवायचं, एवढंच काम. सॅम्पल पास होत राहिलं की ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळतं. फेल गेलं तर लाल कार्ड, मग वरून पत्रं, खुलासे, साहेबांच्या फेऱ्या. म्हणून हिरव्या कार्डाचं आमच्याकडं फार कौतुक. कार्यालयात देवाच्या फोटोशेजारी चौकट करून लावलेलं होतं.

प्रयागमावशी वरच्या वाडीतली. गावापासून तासाभराचा चढ आहे. पंचवीस-तीस घरं, भात-नाचणीची खाचरं, आणि मधोमध एकच विहीर. मावशी तिथली सुईण. वाडीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं कुणालाही झापायचा हक्क तिला आपोआप मिळालेला होता. सरपंच भगवंतआप्पालासुद्धा ती म्हणायची, "उलटा आला व्हतास तू, तवाच वळाकलं मी." आप्पा हसून मान खाली घालायचा.

पण ह्या तिखट बाईचा सरकारवर विश्वास किती, तर विचारू नका. बाळंतपणं दवाखान्यातच करायची, असं सरकारनं सांगितलं तेव्हा दुसरी एखादी सुईण रुसून बसली असती. हिनं आपली कात्री न् सुई फडक्यात बांधून माळ्यावर टाकली आणि पोटुशी बायांना स्वतः धरून खाली न्यायला लागली. पोलिओचा डोस पाजायला लोक कुरकुरले तर ही दारात उभी राहून ओरडायची, "सरकारला काय तुमच्या पोरांशी दुश्मनी हाय व्हय रं? शिकल्यालं मानूस खोटं कशाला सांगंल?" हे तिचं ठरलेलं वाक्य. शिकल्यालं मानूस खोटं कशाला सांगंल.

वाडीत सरकारी संडास आले तेव्हाही हेच झालं. जेसीबी जाईल असा कच्चा रस्ता विहिरीच्या वरच्या अंगाला येऊन संपतो. ठेकेदार आप्पाच्या मेव्हण्यांपैकी. त्यानं मशीन पुढं नेण्याचा त्रास घेतलाच नाही, तिथंच शोषखड्डे खणले. बरोबर विहिरीच्या डोक्यावर. वाडीतले म्हातारे कटकट करायला लागले. तेव्हा मोठे साहेब तालुक्याहून आलेले होते, ते म्हणाले, "शास्त्रशुद्ध आहे, काही होत नाही." झालं! मावशीनंच सगळ्यांना गप्प केलं. "सायेब सांगत्यात ना? मग तोंड बंद ठेवा." मी तिथंच उभा होतो. माझ्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, पाण्याच्या उगमाजवळ शोषखड्डा आहे का. आमचे ग्रामसेवक, त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, ते म्हणाले, "नाही लिही." मी नाही लिहिलं. साधं दोन अक्षरांचं काम, हाताला काही जड गेलं नाही.

आता बाटलीचं सांगतो.

सॅम्पल भरलं की त्याच दिवशी लॅबला पोचायला हवं. आमच्या गावाहून सकाळची एसटी एकच. ती कधी सातला येते, कधी साडेआठला, कधी येतच नाही. वरच्या वाडीत चढून जायचं, विहिरीतून पाणी काढायचं, परत उतरायचं, तोवर गाडी निघून जाते. मोटरसायकल माझ्याकडं नाही. पहिल्यांदा काय झालं, गाडी लवकर आली. हातात रिकामी बाटली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. स्टँडला लागूनच शाळा आहे आणि शाळेमागं बोअर. त्या बोअरचं पाणी म्हणजे अमृत, सगळं गाव तिथं भरतं. मी पळत गेलो, हापशाचे दोन दट्टे मारले, बाटली भरली आणि चिठ्ठीवर लिहिलं, सार्वजनिक विहीर, वरची वाडी. सॅम्पल पास झालं. पाणीच पास होणारं होतं, त्यात नवल काय!

पुढच्या महिन्यात गाडी उशिरा आली तरी मी बोअरवरच गेलो. एकदा लागलेली सवय हो, दुसरं काय. भाऊसाहेब खूश. "चिमा, तुझं सॅम्पल कधी फेल जात नाही बघ," असं चार लोकांत म्हणायचे. मलाही बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू?

मग एका मे महिन्यात माझं मलाच काहीतरी वाटलं. विहीर तळाला गेलेली, पाण्याला हिरवट झाक आलेली. त्या महिन्यात मी पहाटे उठून खरोखर वर गेलो आणि खरं पाणी भरून आणलं. फेल गेलं. नुसतं फेल नाही, रिपोर्टवर लाल शाईनं पिण्यास अयोग्य असा शिक्का. मी मोबाईलमध्ये फोटो काढून ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत भाऊसाहेबांचा फोन. "आधी तो फोटो उडव. अन् परत सॅम्पल घे. नीट घे."

"नीट म्हणजे कुठून घेऊ भाऊसाहेब?"

"तुला कळतंय की," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला कळलं. बाकी कुणी बघायच्या आत ग्रुपवरचा फोटो मी उडवला, बोअरवर गेलो, बाटली भरली. म्हणजे बघा, आधी तरी मला अंधारात असल्याचं सोंग आणता येत होतं. मे महिन्यापासून तेही नव्हतं. मी जाणून होतो. विहीर खराब आहे हे अख्ख्या गावात भाऊसाहेबांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं, आणि त्या विहिरीतून मावशी रोज आपल्या सुनेला हंडा भरून आणत होती. सून पोटुशी, तिला ओझं नको म्हणून.

सून इंद्रायणी. मावशीचा एकुलता एक मुलगा रामनाथ, त्याची बायको. लई गुणी पोरगी. सासू दिवसभर तडतडायची आणि ही नुसती हसायची. मग सासूलाच लाजल्यासारखं व्हायचं, ती आपोआप शांत. ऑगस्टात तिला सातवा महिना होता. एका सोमवारी तिचे डोळे पिवळे दिसले. मावशी लगेच उपकेंद्राला धावली, तर आमच्या नर्सबाई उज्ज्वला मॅडम शिबिराला गेलेल्या, बुधवारी येणार होत्या. मावशीनं विचार केला, मॅडम येईपर्यंत थांबावं, त्यांच्या हातानंच पुढं जावं. तोवर काय करायचं, म्हणून वाडीतल्या एका म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणून सुनेच्या डोक्यावर ठेवली. मुळ्यांची माळ असते ती. आधी डोक्यापुरती असते, मग हळूहळू सैल होऊन लांबत जाते. माळ उतरली की कावीळ उतरली, असं मानतात. माळ लांबत गेली. बुधवारी दुपारी ती गळ्यात उतरली, आणि संध्याकाळी इंद्रायणीची शुद्ध हरपली. झोळी करून पोरांनी तिला खाली आणली. झोळीचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. ॲम्ब्युलन्स आली, मोठ्या दवाखान्यात नेली. गुरुवारी ती गेली. पोटातलं बाळही गेलं.

त्या आठवड्यात वाडीत आणखी आठ जणांना कावीळ झाली होती. ते बरे झाले.

आठवड्यानं चौकशी आली. मोठे साहेब, त्यांच्याबरोबर दोघे-तिघे, सरपंच आप्पा, भाऊसाहेब. सगळे मावशीच्या ओट्यावर बसले. साहेबांनी विचारलं, "पाण्याचं काय?" भाऊसाहेबांनी पिशवीतून हिरवं कार्ड काढून पुढं ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी साहेबांच्या बुटांकडं पाहत होतो. साहेबांनी लिहून घेतलं, पाणी योग्य. बाकीच्या आठ जणांच्या काविळीचं खापर श्रावणातल्या पंगतीच्या जेवणावर फुटलं. इंद्रायणीच्या नावावर लिहिलं, गावठी उपचार आणि रुग्णालयात नेण्यास विलंब. साहेब तसे गोड बोलणारे. म्हणाले, "मावशी, दोन दिवस वाया घालवलेत तुम्ही. ती माळ घातलीत ना, तिथं चुकलं."

कुणीही दुसरी बाई असती तर उसळली असती. मला तर वाटलं, आता ही साहेबांची टोपी उडवणार. पण मावशी तशीच बसून राहिली. मग मान हलवली. शिकल्यालं मानूस खोटं कशाला सांगंल? साहेबांनी सांगितलं की सून तुझ्यामुळं गेली, म्हणजे मावशीमुळंच गेली. बाईचा विश्वासच तसा. ज्या विश्वासानं तिनं पोरांना डोस पाजले, त्याच विश्वासानं तिनं हे पण गिळलं.

रामनाथ तेराव्यापर्यंत थांबला. जाताना आईला म्हणाला, "तू माळ घालून बसवलीस तिला." नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात गाडी भरायच्या कामाला लागला तो, वाडीकडं फिरकला नाही. सणालासुद्धा नाही.

त्याच दरम्यान उज्ज्वला मॅडमनी मला उपकेंद्राच्या पायरीवर गाठलं. त्या स्वतःच खचलेल्या होत्या, आपण शिबिराला गेलो म्हणून. म्हणाल्या, "चिमाभाऊ, ही कावीळ पाण्यातून येते. दिवस भरत आलेल्या बाईला ती फार वाईट. सोमवारी नेली असती तरी वाचली असतीच असं नाही. मला एकच कळत नाही, पाणी पास कसं होतं?"

मी म्हणालो, "होतं मॅडम. दर महिन्याला होतं."

असं मी म्हणालो. जीभ झडली नाही.

पुढचं ऐकाल तर माझ्या तोंडावर थुंकाल. साहेबांना मावशीचं ते मान हलवणं फार आवडलं. आरोग्याच्या जनजागृतीचे कार्यक्रम निघाले, गावोगाव. त्यांना कुणीतरी हवंच होतं, जे उभं राहून सांगेल की मी चुकले, तुम्ही चुकू नका. मावशी तयार झाली. तिला वाटलं, आपल्या हातून एक जीव गेला, निदान चार वाचावेत. तिला घरून आणायचं, गाडीत बसवायचं, स्पीकरची पेटी उचलायची आणि परत पोचवायचं, हे काम कुणाला? जलसुरक्षकाला.

अकरा कार्यक्रम झाले. अकरा वेळा मी ते ऐकलं. शाळेच्या पटांगणात बाया बसलेल्या, मागं ॲम्ब्युलन्सच्या चित्राचं बॅनर, आणि साहेब माईक हातात देऊन म्हणायचे, "सांगा मावशी, तुमच्याकडून काय चूक झाली?" मग ती सांगायची. माळ कशी आणली. माळ कशी लांबत गेली आणि आपल्याला कसं वाटलं की उतरतेय. "मी माझ्या हातानं मारली वो तिला," असं ती म्हणायची आणि बायांच्या डोळ्यांना पदर लागायचे. शेवटी साहेबांनी शिकवलेलं म्हणायची, "दवाखान्यात जावा. अन् पानी सरकारी हिरीचंच पेवा, त्येला हिरवं कार्ड हाय."

मी पेटीजवळ बसून आवाज कमी-जास्त करायचो. ते बटन फिरवायचं काही कारण नसायचं. हाताला काहीतरी चाळा हवा.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसायची. इतकी बडबडी बाई, पण कार्यक्रमानंतर तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. एकदा घाट उतरताना मला म्हणाली, "चिमा, नीट बोलले ना रं? न्हाई म्हंजी, समजलं असंल ना बायांना?"

"समजलं मावशी," मी म्हणालो.

"तू पेटी उचलतोस, माझ्यामागं हिंडतोस. लई केलंस बाबा माझ्यासाठी."

आयुष्यात मला कुणी इतकी मोठी शिवी दिलेली नाही.

मला कुणी विचारेल, मग बोलला का नाहीस? भाऊसाहेबांची भीती होती, खरं आहे. आप्पाची होती. नोकरी जाईल ही होती. पण सगळ्यात जास्त भीती मावशीची होती. तिच्या नजरेतून उतरायची. ती माझ्याशी गोड बोलते, चहा करते, आणि हे बंद होईल. म्हणजे तिचा जीव जळत ठेवून मी तिचा चहा राखला. आता बोला!

ह्या गोष्टीचा शेवट कदाचित असाच झाला असता, मी असाच पेट्या उचलत राहिलो असतो. पण पुढच्या दिवाळीनंतर कार्यक्रम आमच्याच वरच्या वाडीत ठरला. विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. साहेब, आप्पा, भाऊसाहेब खुर्च्यांवर. वाडीतली सगळी माणसं खाली. पुढच्याच रांगेत आरती बसलेली, मावशीच्या शेजारघरची सून. तिला पाचवा महिना होता.

मावशीनं नेहमीचं सांगितलं. आणि मग नेहमीचं नाही ते सांगितलं. आरतीकडं हात करून म्हणाली, "ही पोरगी आता माझी जबाबदारी. माझ्या सुनंचं झालं ते हिचं हू देनार न्हाई. ही वढ्याचं पानी पेत व्हती, मी बंद क्येलं. सकाळ-संध्याकाळ दोन हंडे हिरीचं पानी मी सोता हिच्या घरात नेऊन ठेवते."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. आरती लाजून हसली.

माझ्या डोळ्यांपुढं दुसरं काही आलं नाही, फक्त ते हंडे दिसले. मी पेटीपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "आरती, ते पाणी पिऊ नको."

आवाज आधी मलाच ऐकू गेला नसावा. म्हणून परत म्हणालो, ओरडूनच. "ते पाणी पिऊ नको! ही विहीर खराब आहे. मे महिन्यात, इंद्रायणी जायच्या आधीच्या मे महिन्यात, ती फेल झालीय."

"ए चिम्या, खाली बस," आप्पा म्हणाला.

साहेब हसून लोकांना म्हणाले, "भावनेच्या भरात बोलतोय तो. माईक बंद करा."

माईक बंद करायचं बटन माझ्याच हाताखाली होतं. मी केलं नाही. मी सांगत सुटलो. शाळेमागचा बोअर, बाटल्या, फोटो उडवला तो, शोषखड्डा नाही असं लिहिलं ते. भाऊसाहेबांचं नाव घेतलं. स्वतःचं घेतलं. बोलता बोलता रडू यायला लागलं आणि मला माझाच राग आला, की अरे, आता रडतोस होय!

मावशी माझ्याजवळ आली. मला वाटलं मारील. मारायला हवं होतं.

"किती बाटल्या?" तिनं विचारलं.

"मोजल्या नाहीत मावशी. दोन वर्षं."

"इंद्रायनी गेली त्या म्हयन्याची?"

"ती पण बोअरचीच."

"अन् माझ्यासंगं गाडीत बसून यायचास, तवा तुला हे ठावं व्हतं?"

मी मानेनंच हो म्हणालो. ती वळली आणि खुर्च्यांकडं गेली.

"सायेब, त्या हिरव्या कार्डावर सही कुनाची?"

"मावशी, अशी एकाची नसते हो," साहेब म्हणाले. "ती एक प्रक्रिया असते."

"परक्रिया कुटं ऱ्हाती? तिचं घर सांगा. मला तिच्याशी बोलायचंय."

कुणीतरी मागून हसलं आणि लगेच गप्प झालं. मावशी हसत नव्हती. ती खरंच विचारत होती. "हिरीच्या डोक्यावर खड्डं खनलं तवा आमी तुमाला इचारलं व्हतं. तुमी म्हनलात काय होत न्हाई. मी माझ्या मानसांची तोंडं बंद क्येली तुमच्या शब्दाखातर. अकरा गावांत तुमी मला इचारलंत माझ्याकडनं काय चूक झाली. मी लाज न धरता सांगितलं. आता तुमी सांगा की तुमच्याकडनं काय झाली. हितंच सांगा, माईक चालू हाय."

साहेब घड्याळाकडं पाहून उठले. चौकशी करू म्हणाले. गाडी धूळ उडवत गेली, मागोमाग आप्पाची. भाऊसाहेबांना बायांनी पुढं जाऊ दिलं नाही, तेव्हा ते विहिरीच्या कठड्यावर बसून कुणाकुणाला फोन लावत राहिले.

उज्ज्वला मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतः बाटली भरून नेली. फेल. विहीर बंद झाली, टँकर सुरू झाला. आरतीला तिच्या माहेरी जुन्नरला पाठवली. पुढं तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. एवढं एक बरं झालं.

चौकशीही झाली, नाही असं नाही. तीन आठवड्यांत निकाल लागला. जलसुरक्षकानं कर्तव्यात कसूर केल्याचं आढळलं, सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे. संपलं. भाऊसाहेबांची बदली झाली, तीही रस्त्यावरच्या चांगल्या गावात. शोषखड्ड्यांचा उल्लेख कागदात कुठंच नाही. फेल झालेल्या रिपोर्टचा नाही. कार्डावरच्या सहीचा तर नाहीच नाही.

रामनाथ नारायणगावहून आला, पण आईकडं न जाता आधी माझ्या घरी. माझी गचांडी धरली. मी हात खाली सोडून उभा राहिलो. मारलं असतं तर हिशेब थोडा तरी मिटला असता, पण त्यानं कॉलर सोडली आणि माझ्याच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला. "आईला काय काय बोललो मी," एवढंच म्हणत होता. मग उठून वाडीकडं चढायला लागला.

मावशी मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नव्हती. वाटेत दिसली तर मी बाजूला व्हायचो, ती सरळ निघून जायची. असा महिना गेला असेल. मग एका सकाळी ती दारात उभी. हातात कोरे कागद.

"लिवायला बस," म्हणाली. "अर्ज करायचाय. वाडीत तुझ्यासारकं अक्षर कुनाचं न्हाई."

मी धावत पाट मांडला. बायकोला म्हणालो चहा टाक. मावशी म्हणाली, "च्या नको." मी लिहायला बसलो.

तिनं सगळं सांगितलं, कुठंही न अडखळता. अकरा कार्यक्रमांत बोलायची सवय झालेली. "नावं लिव. पयलं तुझं."

मी लिहिलं. चिमाजी, माजी जलसुरक्षक. स्वतःचं नाव आरोपीच्या जागी स्वतःच्या अक्षरात लिहायचं, हात जड होतो हो. मग भाऊसाहेबांचं, सरपंचाचं, ठेकेदाराचं, मोठ्या साहेबांचं. त्या मे महिन्यातल्या रिपोर्टचा फोटो ग्रुपवरून उडवला तरी माझ्या मोबाईलमध्ये राहिला होता, तो जोडायचं ठरलं.

"आता खाली लिव," ती म्हणाली, "अर्जदार प्रयागबाई हिनं सुनंला दोन दीस घरी ठिवली, माळ घातली."

मी पेन थांबवलं. "मावशी, ते कशाला? ते लोक तेच धरून बसतील. आणि मॅडम म्हणाल्यात, सोमवारी नेली असती तरी कदाचित वाचली नसती."

"कदाचित ना?"

"हो. कदाचित."

"मंग लिव."

मी रडकुंडीला आलो. मला वाटलं होतं, मी खरं सांगितलं म्हणजे निदान तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तेवढं एक पुण्य माझ्या नावावर जमा होईल, अशी माझी आशा होती, लपवत नाही. "मावशी, तुझी चूक नव्हती गं," मी म्हणालो.

"तू नको सांगूस मला," ती म्हणाली. फक्त एवढंच, आणि आवाजही चढवला नाही. मी लिहिलं. तिनं खाली अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. एसटीत ती पुढं बसली, मी मागं. कार्यालयातल्या क्लार्कनं अर्ज वाचला, परत वाचला. चांगला माणूस असावा. आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, हे शेवटचं वाक्य काढा. स्वतःविरुद्ध कुणी लिहून देतं का? तुमचीच बाजू लंगडी होईल."

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाली. "माझं मी सांगितलं. ह्यानं ह्येचं सांगितलं. आता वरची चार नावं ऱ्हायली, त्यांनी त्यांचं येऊन सांगावं. तवर मी हितं बसते."

"आज साहेब नाहीत मावशी."

"मंग उद्या येते. परवाबी येते."

तिनं पोच घेतली, घडी करून कनवटीला लावली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. लांबलचक बाक होता, तिच्याशिवाय कुणी नव्हतं त्यावर. ती मला बस म्हणाली नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, ऑफिस सुटेपर्यंत.